नाळेवर कोणी चढायचं नाही

मनवारीचा आवाज आधी आला, ती नंतर दिसली. आई अंगणात बोंबलांच्या जोड्या लावत बसली होती. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, हे काम माझे हात अजूनही डोळे मिटून करतील. तेवढ्यात खाडीच्या तोंडाकडून एकसारखी धडधड ऐकू येऊ लागली. कोंबड्या घरात पळाल्या. आई मान वर न करता म्हणाली, "कोनाची गिरनी समुद्रात परली काय?" मग किल्ल्याच्या तटाआडून ती करड्या रंगाची लाँच पुढे आली. नौदलाची बोट लहान असो की मोठी, आमचे म्हातारे तिला मनवारच म्हणायचे. त्यामुळे ही जेमतेम आमच्या दोन होड्यांएवढी लाँचसुद्धा पाचूबंदरात मनवार झाली, आणि तिच्यावरचे पोरसवदा खलाशी झाले मनवारवाले.

मी आता नायगावला मुलाच्या घरी असते, बऱ्याच वरच्या मजल्यावर. खिडकीतून खाडी दिसते. गस्तीची बोट कधीमधी सर्रकन निघून जाते, तिचा आवाज काचेच्या आत येतसुद्धा नाही. पण ती दिसली की मला बोंबलांचा वास येतो. सून म्हणते, मम्मी, काहीतरीच तुमचं. तिला काय सांगणार!

मनवार आली ती अफू धरायला. त्या काळात अफू आतल्या मुलखातून लपतछपत किनाऱ्यावर यायची आणि मासेमारीच्या होड्यांतून बाहेर खोल पाण्यात उभ्या असलेल्या जहाजांवर जायची. बंदरावर कस्टमचं नाकं होतं. तिथे एक जमादार, दोन शिपाई आणि एक शिडाची होडी. वारा पडला की जमादार किनाऱ्यावर उभा राहून हात हलवायचा आणि आमचे लोक त्याला परत हात हलवून दाखवायचे. एवढ्यानं अफू थांबत नाही हे सरकारच्या ध्यानात आलं असावं, म्हणून कस्टमच्या मदतीला नौदल आलं. पण त्यातही एक गंमत होती. होडी अडवायची ती मनवारवाल्यांनी, मात्र होडीतल्या वस्तूला हात लावायचा, झडती घ्यायची, पंचनामा करायचा तो कस्टमच्याच माणसानं. त्यांना तसा हुकूमच होता. त्यामुळे रोज सकाळी जमादाराला लाँचवर चढावं लागे. तो देशावरचा माणूस. खाडीचं तोंड ओलांडलं की बिचारा कठड्याला धरून ओकायला लागायचा. मनवारीचा साहेब, चोवीस-पंचवीस वर्षांचा लेफ्टनंट, त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभा असायचा. सरकारचा सगळा दरारा असा कठड्याला लोंबकळताना पाहून आमच्या होड्यांवर हशा पिकायचा. शेवटी आईनंच जमादाराला लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली. "फोड दातांखाली धरा नि लांब बघा, पान्यात बघू नका," म्हणाली. त्यानंतर त्याचं ओकणं कमी झालं आणि आमच्याकडच्या झडत्या जरा हसतखेळत होऊ लागल्या.

पण पहिला दिवस हसण्याचा नव्हता. ओहोटीला आमची होडी निघाली तेव्हा लाँच आडवी आली आणि एक खलाशी बुटांसकट थेट आमच्या नाळेवर उतरला. होडीचं पुढचं निमुळतं टोक म्हणजे नाळ. नाळेत फळीला एक खाच असते. तिथे पवित्र मरियेचं चित्र आणि झावळ्यांच्या रविवारी फादरनं आशीर्वाद दिलेली झावळी, क्रुसाच्या आकारात विणून बांधलेली. नाळेवर होडीचा म्होरक्या, तांडेलसुद्धा पाय ठेवत नाही. माझे बाबा, पास्कू तांडेल, आवाज न चढवणारा माणूस. त्यांनी वल्हं उचललं आणि त्या पोराच्या छातीला लावून त्याला हळूच, अगदी हळूच, मागे ढकललं. पोरगा पाण्यात पडला. लाँचवरून बंदुका रोखल्या गेल्या. बाबा वल्हं खाली ठेवून हात बांधून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पाचूबंदरातली एकही होडी निघाली नाही आणि मनवारीच्या स्वैपाक्याला गावात एक मांदेली मिळाली नाही.

तंटा चर्चच्या आवारात मिटला. फादर मध्ये बसले, एकीकडे जमादार आणि साहेब, दुसरीकडे गावचे तांडेल. जमादार साहेबाला हिंदीत समजावून सांगत होता. ठरलं ते असं, की झडतीला चढणाऱ्यानं बूट काढून चढायचं आणि नाळेवर कोणी चढायचं नाही, नाळेला हात लावायचा नाही. साहेब म्हणाला, मग नाळेत काही लपवलं तर? तेव्हा बाबा उठले, चर्चच्या पायरीवर हात ठेवला आणि म्हणाले, "नाळेत काय निघाला तर तो माजा. होरी कोनाची बी असू दे." त्यांच्या एका वाक्यावर मनवारीनं साऱ्या गावाच्या नाळा सोडून दिल्या. मला तेव्हा बाबांचा इतका अभिमान वाटला की घरी येताना मी त्यांच्या पावलांवर पावलं टाकत चालले.

त्या साली आमच्या घरात जुझेमामा होता. आईचा धाकटा भाऊ, अर्नाळ्याचा. पावसाळ्याच्या शेवटी त्याची होडी खडकावर फुटली होती. माणसं वाचली, होडीच्या फळ्या मात्र लोकांनी चुलीला नेल्या. बाबांनी त्याला आमच्या होडीवर खलाशी म्हणून घेतलं. मामा आला आणि घर भरून गेलं. तो जाळं विणताना गायचा, भाकरी थापणाऱ्या आईच्या पाठीमागून हळूच येऊन तव्यावरची गरम भाकरी पळवायचा, शेजारच्या तेरेज मावशीची हुबेहूब नक्कल करायचा. आई त्याला ओरडायची आणि ओरडताना हसायची. नंदाखालला सुकी मासळी विकून ती परतली की टोपलीत त्याच्यासाठी राजेळी केळी असायचीच. मी म्हणायचे, मला नाहीत का? तर म्हणायची, "तुजी होरी फुटलेय काय?" मामा मात्र अर्धं केळं माझ्या हातावर ठेवायचा. मी त्याच्यावर जीव टाकायचे, हे इथे स्वच्छ लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाला तो वाईट माणूस वाटेल. तो वाईट नव्हता. दुसऱ्याच्या होडीवर वल्हं मारताना त्याचं गाणं मध्येच थांबायचं, आणि मग तो बराच वेळ फुटल्या होडीच्या जागी नवी कशी बांधणार ते सांगत बसायचा.

आता नाळेची रीत सांगते. झावळी बांधायची आणि सोडायची ती घरातल्या कुवार मुलीनं. बायाबापड्यांनी नाही, पुरुषांनी तर नाहीच. मुलीचं लग्न झालं की ते काम धाकटीकडे, धाकटी नसेल तर भाचीकडे किंवा पुतणीकडे जायचं. असं का, ते कोणी सांगत नसे आणि आम्ही विचारत नसू. आमच्या घरी मी एकटीच मुलगी, म्हणून होडी बाबांची असली तरी नाळ माझी होती. वर्षभर झावळी तिथेच राहायची. उपवासकाळ लागण्याच्या आधी ती सोडून चर्चमध्ये न्यायची. तिथे सगळ्यांच्या जुन्या झावळ्या जाळत आणि राखेच्या बुधवारी तीच राख आमच्या कपाळाला लागायची.

त्या साली मी झावळी सोडायला गेले तेव्हा दुपार व्हायची होती. होडी वाळूवर कलंडून पडलेली, पाणी लांब गेलेलं, बाबा चर्चकडे कसल्याशा बैठकीला. मी विहिरीचं गोडं पाणी घेऊन गेले होते, कारण नाळ खाऱ्या पाण्यानं धुवायची नाही. खाचेत हात घातला आणि थांबले. झावळी मी वेणीच्या रिबिनीला मारतात तशी दोन कानांची गाठ मारून बांधली होती. माझी गाठ अशीच असायची, तेरेज मावशी त्यावरून मला चिडवायची. आता तिथे जाळ्याची गाठ होती. घट्ट, बसकी, कान नसलेली. ज्यानं ती मारली त्याला बहुतेक कळलंसुद्धा नसेल. आमच्या पुरुषांच्या हातात दोरा आला की बोटं आपली आपणच ती गाठ मारतात.

मी गाठ सोडली. झावळी हातात आली आणि तिच्या मागची फळी हलली. फळीमागे मेणकापडात बांधलेले गोळे होते, एकाला एक चिकटून बसवलेले. मेणकापड एका टोकाला फाटलं होतं आणि आतून वास येत होता. तो वास मी ओळखला. त्या काळी दात येताना पोरं रात्रंदिवस रडायला लागली की घरोघरच्या आया मोहरीएवढी अफू दुधात उगाळून चाटवत. आमच्याही फळीवर पत्र्याच्या डबीत ती असायची. भिजलेल्या गवतात जळका गूळ मिसळावा तसा वास. माझ्या धाकट्या भावाच्या ओठांना मी तो कितीदा हुंगला होता. डबीत असायची मोहरीएवढी, आणि इथे माझ्या डोक्याएवढे गोळे. मी फळी जशीच्या तशी लावली, झावळी ओच्यात घेतली आणि घरी आले.

आई चुलीपुढे होती. मी झावळी तिच्यापुढे धरली. तिनं झावळी नाकाला लावली. चुलीवर करदीचं, म्हणजे बारीक कोलंबीचं, आंबट रटरटत होतं, ते उतू जायला लागलं तरी तिनं पळी घातली नाही. मग म्हणाली, "कोनाला सांगितलास?" मी नाही म्हणून मान हलवली. "गाठ कंची होती?" जाळ्याची, मी म्हटलं. नाळेजवळ निजायची सवय कोणाची, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

मामा जेवायला आला. आईनं पाट मांडला, तांदळाची भाकरी, आंबट, वर भाजलेला सुका बोंबील. त्याच्या आवडीचा, कुरकुरीत. ती समोर बसली. एरवी ती वाढून उठायची.

"जुझ्या," ती म्हणाली, "आज नाळ धुवाची हाय. तुजा काय ठेवलेला नाय ना तिथं?"

"माजा काय असल? एक लुंगी, ती बी फाटकी," मामा हसला.

तिनं त्याच्या ताटात आणखी आंबट घातलं. "दाजीनं पायरीवर हात ठेवलाय, ठाव हाय ना तुला? काय निघाला तर होरी जाल आनि मानूस बी जाल. परत इचारतंय. काय हाय काय?"

मामानं घास थांबवला. माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात खुंटीला टांगलेल्या झावळीकडे. ती आईनंच तिथे टांगली होती. तो उठला, डाव्या हातानं झावळीला शिवला आणि म्हणाला, "या क्रुसाची आन, बाय. काय नाय." परत बसून जेवला. सगळं ताट साफ केलं. हात धुवून बाहेर गेला आणि जाळ्याशी बसून गायला लागला. आईनं त्याचं ताट उचललं आणि घासून जागेवर ठेवलं. ती रडली नाही. मी रडत होते.

बाबा आले तसं तिनं त्यांना मागच्या दारी नेऊन सांगितलं. आमच्यात बायका नवऱ्याला अरेतुरेच करतात, पण त्या दिवशी तिचा आवाज मला वेगळाच लागला. बाबा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा राखेसारखा होत होता. किती खेपा गेल्या असतील? रोज मनवारवाले बूट काढून होडीवर चढत, नाळेकडे पाठ करून उभे राहत आणि बाबांना सलाम करून उतरत. बाबांनी टोपी उचलली. "जातंय साहेबाकडं."

आई दारात आडवी उभी राहिली. "तू नको जाव."

"रजीन, मी सबूद दिलाय."

"तुजा सबूद मी नेतंय. तुज्या तोंडानं माजा भाऊस धरून दिलास तर मी रोज तुला भाकरी वाढीन, पन तुज्याकडं बघनार नाय. मी मना वलखतंय. मी जातंय, म्हंजे मना कोनावर रागवायला नको."

बाबांनी टोपी परत खुंटीला लावली. ती टोपली घेऊन निघाली. रोज याच वेळी मनवारीच्या स्वैपाक्याला मासळी द्यायला जायची, त्यामुळे कोणाला वेगळं वाटलं नाही. टोपलीत वर पापलेटं होती. मी तिच्या मागून गेले. धक्क्यावर तिनं जमादाराला बाजूला घेतलं. तो साहेबाला सांगू लागला, तसा साहेब उठून उभा राहिला आणि टोपी काढून हातात धरली. जमादार म्हणाला, "बाई, तुम्ही आपण होऊन सांगताय, तर होडी वाचेल. माणूस वाचणार नाही." ती म्हणाली, "ते मना कललाय." मग मासळी मोजून दिली आणि रिकामी टोपली घेऊन परतली.

भरतीच्या आधी सगळे वाळूत चालत आमच्या होडीकडे आले. नाळ बाबांनीच उघडली. साहेबानं तेव्हाही बूट काढून हातात घेतले होते, आणि आता तर नाळेवर चढायची त्याला मुभा होती, पण तो खालीच उभा राहिला. गोळे एकेक करून जमादाराच्या शिपायानं वाळूवर ठेवले. गाव गोळा झालं. मामा पळाला नाही. जाळं बाजूला ठेवून आला, हात पुढे केले आणि एवढंच म्हणाला, "दाजीला कायपन ठाव नव्हता." लाँच त्याला घेऊन गेली. आईनं त्या संध्याकाळी चूल पेटवली नाही. तेरेज मावशीनं आणून दिलेली पेज आम्ही जेवलो.

पंचनाम्यापायी होडी काही दिवस नाक्यावर बांधून ठेवली, मग सोडली. कोणी सांगितलं हे जमादारानं कधीच उघड केलं नाही. पण अर्नाळ्याला ते शोधल्याशिवाय राहवणार होतं थोडंच! आईचे वडील आणि मोठा भाऊ तावातावानं आले. आई तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा पुढे झाले आणि म्हणाले, "मीच सांगितला. सबूद माजा होता." ती बोलायला गेली तर त्यांनी तिचा हात असा दाबला की दुसऱ्या दिवशीही बोटांचे वळ होते. बहिणीनं भाऊ धरून दिला असं कळलं असतं तर अर्नाळ्याचं दार तिला जन्मभर बंद झालं असतं. जावयाला शिव्या दिल्या तरी जावई कुठे सासरी राहायचा असतो!

शिव्या मात्र त्यांनी मनसोक्त दिल्या. अर्नाळ्याला लग्न असो की मयत, बाबा आईला सोडायला जायचे, आणि अंगणाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला कोणी पाण्याचा तांब्या विचारत नसे. उन्हातानात ते तसेच परत यायचे. आईला आत मानानं बसवत, तिच्या ताटात पहिला तुकडा वाढत. घरी आली की बाबांवर भडकायची. "मना सांगू दे एकदा!" बाबा म्हणायचे, "मना तान लागतच नाय." घरात तेवढं एकच खोटं ते बोलत. आल्या आल्या माठाशी जायचे आणि तांब्यावर तांब्या रिचवायचे.

मामा सुटून आला तो सरळ आमच्याकडे. केस पिकले होते, गाल बसले होते. दारात उभा राहिला, आत येईना. बाबांनी त्याला हाताला धरून आणलं. आईनं पाट मांडला, करदीचं आंबट वाढलं, बोंबील भाजला. तो खाली मान घालून जेवत होता. मग ती एकदम म्हणाली, "जुझ्या, दाजीनं नाय सांगितला. मी सांगितला."

मामानं वर पाहिलं नाही. "मना ठाव हाय."

"कवापासून?"

"तू दोनदा इचारलास ना, तवापासून. दाजीला कलला असता तर तो एकदा बी इचारला नसता." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "मी खोटी आन घेतली, तवाच मना कलला का तू आता जानार. म्हनून तर बाहेर बसून गात होतो. पलून कुठं जानार?"

आईचा संताप उसळला. हातातली पळी तिनं ताटावर आपटली. "मंग अर्नाल्याला निरोप का नाय धाडलास? तुला भेटायला येत होते ना सगले? तिकडं या मानसाला पान्याचा तांब्या देत नव्हते रे!"

"तुला तर देत होते ना, बाय," मामा म्हणाला.

आईनं पळी खाली ठेवली. बाबा उठले, माठातलं पाणी घेऊन आले आणि तांब्या मामाच्या ताटाशी ठेवला. मामानं तो उचलला आणि आधी बाबांच्या पुढे धरला. बाबा प्यायले, मग तो प्यायला. आई खाली बसली, पदरात तोंड घातलं आणि त्या दुपारी जे रडायची राहिली होती ते सगळं रडून घेतलं.